एका कंपनीचे दोन पेशवे

६ मार्च १७७५ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सुरतेला रघुनाथराव बाजीराव यांच्याशी तह केला. तहात रघुनाथराव हेच मराठ्यांचे पेशवे असे धरलेले होते. वर्ष पुरे व्हायला पाच दिवस बाकी असताना, १ मार्च १७७६ रोजी, त्याच कंपनीच्या कलकत्ता सरकारने पुरंदरला दुसरा तह केला. या तहात पेशवे होते सवाई माधवराव, ज्यांना अजून दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. मोहोर दोन्हीकडे कंपनीचीच. कडी म्हणजे लंडनच्या संचालकांनी सुरतेचा तह पसंत असल्याचे कळवले, आणि ते पत्र हिंदुस्थानात पोहोचले पुरंदरचा तह होऊन गेल्यावर.

एका देशात सत्तेचे दोन दावेदार उभे राहिले, तर परक्या देशाने कोणाला सरकार म्हणायचे? काबूल, काराकस, यांगून ही नावे आली की हा प्रश्न वर्तमानपत्रांत येतो आणि तो जणू विसाव्या शतकात जन्मला अशा थाटात त्याची चर्चा होते. पुण्याने तो अडीचशे वर्षांपूर्वी भोगला आहे, आणि तोही मान्यता देणाऱ्याच्या नव्हे तर मान्यता ज्याची अडली आहे त्याच्या बाजूने. आपल्याकडे ही गोष्ट भाऊबंदकी म्हणून सांगितली जाते. परराष्ट्रव्यवहाराची गोष्ट म्हणून ती क्वचितच वाचली जाते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून ठपका काका रघुनाथरावांवर, म्हणजे राघोबादादांवर, ठेवला आणि पुणे सोडले. इथपर्यंतचे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतरचा तपशील मात्र आपण घाईने ओलांडतो. ऑक्टोबर १७७३ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींकडून राघोबादादांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पेशवेपद कायदेशीर ठरवण्याचा त्या राज्यातला एकमेव मार्ग म्हणजे साताऱ्याची वस्त्रे, आणि ती दादांकडे होती. पुढे सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचा कट केला आणि नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांना पुरंदरावर हलवले. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. २८ मे रोजी, चाळिसाव्या दिवशी, त्याच छत्रपतींकडून त्या बाळालाही वस्त्रे आली.

म्हणजे १७७४ च्या उन्हाळ्यात कागदोपत्री दोन पेशवे होते आणि दोघांची कागदपत्रे एकाच कचेरीतून निघालेली होती. साताऱ्याचे रामराजे स्वतः नजरकैदेत. ज्याची फौज जवळ, त्याला वस्त्रे. कायद्याच्या कसोटीवर निकाल लागत नव्हता. दादांच्या बाजूने पुरंदरावरचे मूल खरे नाही अशी आवई उठवली गेली. बारभाईंच्या बाजूने खुनी माणूस गादीवर बसू शकत नाही असे सांगितले गेले. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी बारभाईंचे सरदार त्रिंबकराव पेठे यांचा पराभव केलेला होता. शिंदे आणि होळकर कुठल्या बाजूला उभे राहतील याचा भरवसा नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला त्या घडीला खरोखरच बुचकळ्यात पडावे अशी परिस्थिती होती, हे मुंबईकर इंग्रजांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

पण ते बुचकळ्यात पडलेले नव्हतेच. त्यांना साष्टी हवी होती.

साष्टी बेट, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा मुलूख, आणि वसई. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत १७३७ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडून हे दोन्ही मराठ्यांकडे आले आणि मुंबई बेटाला जमिनीच्या बाजूने मराठ्यांचा वेढा पडल्यासारखे झाले. मुंबईच्या कौन्सिलाने पुण्यात टॉमस मॉस्टिन नावाचा वकील बसवला होता, तोही याच इच्छेपोटी. पुण्यात दोन पक्ष पडलेले पाहून त्यांनी दादांशी बोलणे लावले: आम्ही तुम्हाला पेशवे मानतो, पुण्याला नेऊन बसवतो, साष्टी आणि वसई द्या. दादांनी बरेच दिवस नकार दिला, हेही त्यांच्या पदरात टाकले पाहिजे. तेवढ्यात पोर्तुगीजांचे आरमार गोव्यात आल्याची बातमी आली. साष्टी परत पोर्तुगीजांकडे जाईल या सबबीवर इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला घेऊनही टाकला. तह मार्चमध्ये झाला. ज्या मुलखासाठी मान्यता द्यायची, तो मुलूख आधी ताब्यात आणि मान्यता मागाहून, असा हा क्रम.

सुरतेच्या तहात कंपनीने अडीच हजार फौज द्यायची, दादांनी तिच्या खर्चापोटी दरमहा दीड लाख रुपये द्यायचे आणि साष्टी-वसई कायमची सोडायची असे ठरले. मान्यतेची किंमत इतक्या उघडपणे लिहिलेला कागद एरवी सापडणे कठीण.

कोणाला सरकार म्हणायचे हे ठरवणे म्हणजे नेमके काय, हे इथे थांबून पाहायला हवे. एखाद्या गृहनिर्माण संस्थेत दोन कार्यकारिणी निर्माण झाल्या आणि दोघींचे सचिव चेकवर सही करू लागले, तर बँकेला कोणाची तरी एक सही चालवावी लागते. मान्यतेचा व्यवहारातला अर्थ एवढाच आहे: त्या देशाच्या नावाने सही कोणाची चालेल. तह कोण करणार, परदेशात ठेवलेला पैसा कोणाचा, वकिलातीची किल्ली कोणाकडे, पासपोर्टवर शिक्का कोणाचा. चांगले सरकार कोणते हा त्याहून निराळा प्रश्न. मान्यतेच्या चर्चेत हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि मग जो तो आपल्याला हवा तो दावेदार ‘खरा’ ठरवतो.

मुंबईने दादांची सही चालवली. कलकत्त्याने ती नाकारली. १७७३ च्या रेग्युलेटिंग कायद्याने मुंबई आणि मद्रास ही सरकारे लढाई व तह यांच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखाली आली होती, आणि वॉरन हेस्टिंग्जच्या कौन्सिलात फिलिप फ्रान्सिसचा विरोधी गट बहुमतात होता. दादांसाठी मुंबईने न विचारता सुरू केलेली लढाई धोक्याची, बेकायदा आणि अन्यायाची आहे असा निवाडा कलकत्त्याने दिला आणि कर्नल जॉन अप्टन याला थेट कारभाऱ्यांकडे पाठवले. तो १७७५ च्या अखेरीस पुरंदरला पोहोचला. पुण्याच्या पक्षाला आनंद झाला असणार. परक्या दरबाराचा वकील आपल्या दारी येतो, आपल्याशी बोलतो, म्हणजे आपण सरकार आहोत.

आनंद फार टिकला नाही. अप्टनही साष्टी मागत होता, वसईसुद्धा. कारभाऱ्यांचा सवाल बिनतोड होता: लढाई अन्यायाची असे तुम्हीच म्हणता, तर त्या लढाईत बळकावलेले ठाणे परत का करत नाही? फेब्रुवारी १७७६ मध्ये बोलणी मोडल्यात जमा झाली तेव्हा ज्या कलकत्त्याने दादांचा तह रद्द केला होता, तेच पुन्हा दादांच्या बाजूने लढायची तयारी करू लागले. अखेर कारभाऱ्यांनी साष्टी इंग्रजांकडे राहू दिली, वर बारा लाख रुपये खर्चापोटी कबूल केले आणि त्या बदल्यात सुरतेचा तह रद्द करून घेतला. दादांनी फौज मोडून कोपरगावला नेमणुकीवर राहायचे ठरले. वसई वाचली.

म्हणजे मुंबईने एका दावेदाराला मान्यता दिली साष्टीसाठी, आणि कलकत्त्याने दुसऱ्याला दिली तीही साष्टी घेऊनच. न्यायाचा मुद्दा दोन्हीकडे तोंडी लावण्यापुरता. इतिहासकार कलकत्त्याच्या भूमिकेला मुंबईपेक्षा थोडे बरे गुण देतात. मला ते गुण द्यावेत असे वाटते ते एवढ्याच कारणाने, की १७७६ साली पुण्याचा वसूल, पुण्याचा खजिना आणि बहुतेक सरदार कोणाच्या हुकमात आहेत हे अप्टनने प्रत्यक्ष येऊन पाहिले. मुंबईकरांनी ते सुरतेत बसून दादांच्या तोंडून ऐकले होते.

याच वर्षी आणखी एक दावेदार निघाला. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ आपणच, असे सांगणारा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण रत्नागिरीच्या कैदेतून तिथल्या सुभेदाराच्या मदतीने बाहेर आला आणि बघता बघता कोकणातले अनेक किल्ले त्याच्या नावाने उघडले. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर पंधरा वर्षे उलटूनही वैधव्य स्वीकारलेले नव्हते, त्यामुळे लोकांच्या मनात भाऊ जिवंत असण्याला जागा होती. पराभव झाल्यावर तोतया मुंबईच्या रोखाने पळाला, वाटेत आंग्र्यांनी पकडला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. तो मुंबईला सुखरूप पोहोचला असता तर काय झाले असते, हा विचार चुकत नाही. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ या नावाने नाटकच लिहिले, पण त्यातला परराष्ट्रीय पेच कोणी फारसा उकलून पाहिलेला नाही: किल्ल्यांवर ताबा आहे आणि दावा खोटा आहे, अशा माणसाचे बाहेरच्याने काय करायचे?

मुंबईने पुरंदरचा तह मनापासून मानलाच नाही. दादांना कोपरगावला धाडण्याऐवजी त्यांनी आश्रय दिला आणि मुंबईत आणून ठेवले. दुसऱ्या देशाचा दावेदार घरात ठेवायचा आणि वेळ आली की बाहेर काढायचा, ही युक्ती आजही चालते. नाना फडणिसांनी त्याला उत्तर दिले ते असेच खोचक. १७७७ च्या उन्हाळ्यात सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस आपण फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यात आला. नानांनी त्याचे दरबारी थाटाने स्वागत केले. पुण्याला परत आलेला मॉस्टिन डोळ्यांदेखत हे पाहत होता आणि बेचैन होऊन पत्रे लिहीत होता. सेंट ल्युबिनच्या अंगी फ्रान्सच्या वतीने बोलण्याचा किती अधिकार होता याची नानांनाही शंका असावी. पण तो नुसता दरबारात दिसणे कामाचे होते. मान्यता ज्याची अडते, त्यालाही दुसऱ्या गिऱ्हाइकाची चाहूल दाखवता येते. इथे नानांचा डाव अर्धा फसला असे माझे मत आहे, कारण फ्रेंचांच्या धास्तीनेच कलकत्त्याचा मुंबईवरचा लगाम सैल झाला.

त्यात १७७८ च्या मार्चमध्ये पुण्यातच उलथापालथ झाली. नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस यांनी कारभार हाती घेतला, नाना पुरंदरला सरकले आणि दादांना परत आणा अशी बोलणी मुंबईशी सुरू झाली. पुरंदरच्या तहावर सही करणारे सखारामबापूही त्यात होते. हेस्टिंग्जने यावर बोट ठेवले: तह करणाराच बोलावतो आहे, मग तह मोडला कसा म्हणायचा? युक्तिवाद चांगला होता, पण तो पुण्याच्या बातम्यांइतक्या वेगाने धावू शकला नाही. उन्हाळा संपेपर्यंत महादजी शिंद्यांच्या बळावर नानांनी कारभार परत घेतला आणि मोरोबा कैदेत गेले. मुंबईची फौज निघाली नोव्हेंबरात. ज्या पुण्याच्या बोलावण्यावर ती निघाली ते पुणे चार महिन्यांपूर्वीच संपले होते.

पुढचे वडगावचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. सुमारे चार हजार फौज आणि सामानाचे सुमारे १९ हजार बैल घेऊन हे लटांबर दादांसह बोरघाट चढले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांनी ज्याला इष्टुर फाकडा म्हटले तो, पडला. तळेगाव आले ते जळालेले. वाटेत दादांचे लोक येऊन मिळतील असे सांगण्यात आले होते. कोणीही मिळाले नाही. पुणे पस्तीसेक किलोमीटरवर असताना ११ जानेवारीच्या रात्री तोफा तळ्यात टाकून फौज मागे फिरली, वडगावला कोंडली गेली आणि करारावर सह्या करून सुटली. साष्टीसह सारे परत करू, दादांना स्वाधीन करू, असे त्यात होते. दादा स्वतःच महादजींकडे गेले. करार मात्र मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही झिडकारला, सह्या करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता म्हणून. सही कोणाची चालते हा प्रश्न आता इंग्रजांच्याच अंगावर उलटला होता.

‘दादांचे लोक येऊन मिळतील’ या वाक्यात साऱ्या मोहिमेचा पाया होता. परक्याने एखाद्याला पेशवा म्हटले की त्याच्या देशातले लोकही म्हणू लागतील, ही समजूत. तसे होत नाही. झाले तर उलटे होते: परक्या पलटणीच्या मागून येणारा माणूस, त्याचा हक्क कितीही खरा असला तरी, आपल्या लोकांच्या नजरेत उतरतो. दादा कोणी ऐरेगैरे नव्हते. अटकेपर्यंत घोडी नेणारा सेनापती म्हणून त्यांचे नाव घरोघर होते. तरी घाट चढल्यावर एक सरदार पुढे आला नाही.

लढाई आणखी तीन वर्षे चालली आणि १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. सवाई माधवराव हेच पेशवे, दादांना कंपनी यापुढे कसलीही मदत करणार नाही, वसई परत, साष्टी इंग्रजांकडे. नानांनी मान्यतेसाठी धाव घेतली नाही, हे पाहण्यासारखे आहे. हैदरअलीशी असलेला दोस्ताना त्यांनी शेवटपर्यंत हातात धरला आणि डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारल्यानंतरच तहावर शिक्कामोर्तब केले. चार वर्षांनी चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यात आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी उभी राहिली. दादा तोवर कोपरगावला वारले होते.

इथे गोष्ट संपली असती तर निष्कर्ष सोपा होता: राजधानी, वसूल आणि फौज ज्याच्या ताब्यात, त्याच्याशी बोला, बाकीच्यांना घरी ठेवू नका. पण पुण्याने वीस वर्षांनी या नियमाचीही परीक्षा घेतली.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरे बाजीराव, म्हणजे राघोबादादांचे चिरंजीव, कोकणात उतरले आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. होळकरांनी दादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांना पुण्यात आणले. अमृतरावांचे चिरंजीव विनायकराव यांना पेशवे करायचे घाटत होते. आता बघा. हक्काचे पेशवे बाजीरावच. शहर मात्र होळकर-अमृतरावांच्या ताब्यात. रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज पुण्यातच होता. त्याने राहावे, मध्यस्थी करावी म्हणून होळकर आणि अमृतराव दोघांनीही गळ घातली. त्यांना क्लोजची मध्यस्थी हवी होतीच, पण त्याहून हवे होते संगमावरचे निशाण. रेसिडेंट राहिला तर नवा कारभार हा कारभार ठरत होता. क्लोज नोव्हेंबरात निघून गेला.

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंग्रजांनी हक्काच्या पेशव्याला मान्यता दिली, मे १८०३ मध्ये त्यांना पुण्याच्या गादीवर परत बसवले आणि मोबदल्यात घेतले काय? पेशव्यांच्या राज्यात कायमची सहा हजार तैनाती फौज, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख आणि इंग्रजांच्या संमतीवाचून कोणाशीही तह न करण्याचे बंधन. बापाने मागितलेल्या मदतीची किंमत दोन ठाणी होती. मुलाच्या वेळी ती राज्याएवढी झाली. अमृतरावांनीही पुढे इंग्रजांकडून पेन्शन घेतली. म्हणजे सुरतेला दावेदार कच्चा होता आणि वसईला पक्का होता, तरी परिणाम त्याच दिशेचा झाला. ‘हक्काचा कोण’ या प्रश्नाचे बरोबर उत्तर देऊनही मान्यता विषारी ठरू शकते, कारण ती देणारा त्या उत्तरासाठी आलेलाच नसतो.

विसाव्या शतकात या व्यवहाराला नियम लावण्याचे प्रयत्न झाले. कोस्टारिकात फेडेरिको टिनोको याने १९१७ मध्ये बळाने सत्ता घेतली आणि दोन वर्षांनी तो गेला. ब्रिटनने त्याला मान्यता दिलेली नव्हती, तरी त्याच्याशी झालेले ब्रिटिश कंपन्यांचे व्यवहार नव्या सरकारने पाळावेत असा ब्रिटनचाच आग्रह. १९२३ मध्ये लवाद म्हणून बसलेले विल्यम टॅफ्ट यांनी तत्त्व घालून दिले, की मान्यता न मिळणे हा एक पुरावा आहे, पण देशावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा होता हे त्याने पुसले जात नाही. १९३० मध्ये मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी त्याहून पुढे जाऊन सांगितले, की आम्ही कोणत्याच सरकारला मान्यता देणे-नाकारणे हा उद्योग करणार नाही. वकील ठेवू किंवा परत बोलावू, एवढेच. ब्रिटनने १९८० मध्ये जवळपास हेच धोरण जाहीर केले: आम्ही राष्ट्रांना मान्यता देतो, सरकारांना नाही.

आणि मग २०१९ मध्ये स्वतःचेच धोरण मोडून व्हेनेझुएलात हुआन ग्वाइदो यांना अंतरिम राष्ट्राध्यक्ष म्हटले. पन्नासहून अधिक देशांनी तसे म्हटले. काराकसमधली एक पोलीस चौकीही ग्वाइदोंच्या ताब्यात नव्हती. पण लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडमध्ये व्हेनेझुएलाचे सुमारे ३१ टन, दोन अब्ज डॉलरच्या घरातले सोने होते, आणि ते कोणाच्या सहीने हलेल हा खटला थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की सरकारने ज्याला मान्यता दिली आहे तोच आमच्यासाठी अध्यक्ष. वर्षभराने व्हेनेझुएलाच्या विरोधकांनीच ग्वाइदोंचे ‘सरकार’ मतदानाने गुंडाळले. निवडणुकीतली लबाडी खरी होती, सत्ता प्रत्यक्ष हाती असलेल्या मादुरोंच्या राजवटीतले हाल खरे होते. मान्यतेने त्यातले काही हलले नाही. तळेगावच्या वाटेवर जशी वाट पाहिली गेली, तशीच काराकसच्या लष्कराची वाट पाहिली गेली.

भारताने ग्वाइदोंना मान्यता दिली नाही. प्रत्यक्ष ताबा कोणाचा ते पाहण्याची आपली सवय जुनी आहे. ३० डिसेंबर १९४९ रोजी, माओंच्या सरकारला तीन महिने होतात न होतात तोच, भारताने ते मान्य केले. अमेरिकेला तेवढ्यासाठी १९७९ उजाडावे लागले. कंबोडियात ख्मेर रूजने जानेवारी १९७९ मध्ये राजधानी गमावली तरी संयुक्त राष्ट्रांतली खुर्ची त्यांच्याकडेच राहिली. ज्यांनी लाखो माणसे मारली, त्यांची सही जगाने चालू ठेवली, कारण नवे सरकार व्हिएतनामच्या फौजेने बसवले होते. जुलै १९८० मध्ये भारताने ते नवे सरकार मान्य केले, आणि आज मागे वळून पाहता तो निर्णय लाजिरवाणा वाटत नाही.

घराजवळ आपण याच्या उलटही वागलो आहोत. २ ऑगस्ट १९५४ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त केले. पुण्यातून गेलेल्यांत राजा वाकणकर होते, गायक-संगीतकार सुधीर फडके होते. त्यानंतर सात वर्षे दादरा-नगर हवेलीचा कारभार तिथल्या वरिष्ठ पंचायतीने चालवला. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलेला, म्हणून भारताने तो भाग लगेच आपल्यात घेतला नाही. ११ ऑगस्ट १९६१ रोजी विलीनीकरणाच्या करारावर सही करायला कोणीतरी ‘सरकारप्रमुख’ हवा, तेव्हा सनदी अधिकारी के. जी. बदलानी यांना त्या दिवसापुरते पंतप्रधान केले गेले आणि पंडित नेहरूंच्या सहीसमोर त्यांची सही झाली. कारभार होता, वसूल होता, लोकांची साथ होती. जगाची मान्यता नव्हती, आणि तिच्यावाचून फारसे अडलेही नाही.

आता काबूल. १५ ऑगस्ट २०२१ नंतर पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही. पासपोर्टची मुदत संपली, पदवीच्या कागदावर शिक्का हवा, तर जायचे कुठे? दिल्लीतला जुन्या प्रजासत्ताकाचा दूतावास नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाला. मुंबईच्या वकिलातीतल्या प्रजासत्ताकाच्या काळातल्या महावाणिज्यदूतांनी मे २०२४ मध्ये राजीनामा दिला आणि त्या नोव्हेंबरात तालिबानने तिथे आपला माणूस नेमला. ३ जुलै २०२५ रोजी रशियाने तालिबान सरकारला औपचारिक मान्यता दिली. तसे करणारा तो पहिला देश. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी दिल्लीला आले आणि १० तारखेला भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा देत असल्याचे जाहीर केले. मान्यतेची घोषणा त्यात नव्हती. त्याच दिवशीच्या मुत्ताकींच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली.

एस्त्रादांच्या नियमाने पाहिले तर भारताने केले ते बरोबर आहे. अफगाणिस्तानात दुसरा कोणी राज्य करत नाही. दिल्लीत वा अन्य कुठे बसलेल्या माजी मंत्र्यांना ‘खरे सरकार’ म्हणून सांभाळणे म्हणजे दादांना मुंबईत ठेवण्यासारखे होईल. पण सहावीनंतर मुलींची शाळा बंद करणाऱ्या राजवटीला मान्यतेचे पत्र देऊन आपल्याला मिळणार काय, याचेही उत्तर कोणी दिलेले नाही. ते पत्र रोखल्याने शाळा उघडतील या भ्रमात मी नाही. चार वर्षांत उघडल्या नाहीत. मात्र एकदा दिलेली मान्यता परत घेणे फार अवघड असते, आणि व्यापार, व्हिसा, भूकंपानंतरची मदत, विद्यार्थ्यांचे कागद यांतले काहीही त्या पत्रावाचून अडलेले नाही.

म्हणून माझे मत असे: काबूलमधला दूतावास चालू राहावा, मुंबईतल्या वकिलातीचा शिक्का पुण्याच्या विद्यापीठात चालावा, आणि मान्यतेचे पत्र तूर्त दिल्लीच्या कपाटातच राहावे. उद्या कोणी ते द्यायला निघाले, तर संसदेत विचारायचा पहिला प्रश्न तालिबान चांगले की वाईट हा नसावा; मोबदल्यात आपण काय घेतो आहोत आणि आपल्याकडून काय घेतले जाते आहे, हा असावा.